भाड्याच्या घराचा विमा: काय भरून मिळतं, काय नाही

अमेरिकेत भाड्याने राहणाऱ्या वाचकांची या विषयावरची बहुतेक पत्रं एकाच पद्धतीने सुरू होतात. अपार्टमेंटच्या ऑफिसने लीजवर सही करण्याआधी रेंटर्स इन्शुरन्सचा पुरावा मागितला, म्हणून दहा मिनिटांत ऑनलाइन पॉलिसी घेतली आणि नंतर ती उघडलीच नाही. चोरी झाली किंवा पाणी गळलं की मग शोधाशोध सुरू होते. अशा पत्रांमधले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

बहुतेक कंपन्यांच्या पॉलिसी 'एचओ-४' नावाच्या प्रमाणित मसुद्यावर बेतलेल्या असतात. खालच्या अटी आणि मर्यादा त्या मसुद्याला धरून आहेत. कंपनी, राज्य आणि मसुद्याची आवृत्ती बदलली की आकडे बदलू शकतात, म्हणून आपल्या पॉलिसीचं डिक्लेरेशन्सचं पान, म्हणजे ज्यावर तुमच्या रकमा आणि मर्यादा लिहिलेल्या असतात ते, शेजारी ठेवूनच पुढचं वाचा.

प्रश्न: घरमालकाने इमारतीचा विमा काढलेला असतोच. मग आम्ही वेगळा का काढायचा? (जर्सी सिटी)

त्याचा विमा भिंती, छप्पर, भिंतीतली कपाटं आणि त्याने दिलेला फ्रिज व शेगडी यांच्यासाठी असतो. तुमचा सोफा, कपडे, लॅपटॉप, भांडी यांच्यासाठी त्यातून एक डॉलरही मिळत नाही, मग आग त्याच्या जुन्या वायरिंगमुळे लागलेली असली तरी. वायरिंगबद्दल तो दोषी ठरला तर त्याच्याकडून भरपाई मागता येते, पण ते सिद्ध करणं तुमच्यावर येतं आणि त्याला महिने लागतात.

तुमच्या पॉलिसीचे चार भाग असतात. पहिला सामानाचा. दुसरा, घर राहण्याजोगं उरलं नाही तर बाहेर राहण्याच्या जादा खर्चाचा. यातला 'जादा' हा शब्द महत्त्वाचा आहे. एरवी महिन्याला ६०० डॉलरचा किराणा लागत असेल आणि हॉटेलमध्ये राहताना जेवणावर १,५०० गेले, तर ९०० मिळतात. घरमालकाने त्या काळातलं भाडं माफ केलं असेल, तर तेही हॉटेलच्या खर्चातून वजा होतं. प्रमाणित मसुद्यात या भागाची कमाल रक्कम सामानाच्या रकमेच्या ३० टक्के असते. सामान २०,००० डॉलरचं दाखवलं असेल तर इथे ६,०००. महागड्या शहरात हे पैसे दोन महिनेही पुरत नाहीत, तेव्हा सामानाची रक्कम ठरवताना हाही हिशेब करावा.

तिसरा भाग दायित्वाचा, म्हणजे लायबिलिटीचा. तुमच्या हलगर्जीपणामुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर भरपाई आणि वकिलाचा खर्च यातून होतो. चौथा भाग छोटा आहे. पाहुण्याला तुमच्या घरात अपघाताने लागलं, तर चूक कुणाची हे न पाहता त्याचं दवाखान्याचं बिल एका मर्यादेपर्यंत दिलं जातं. ही मर्यादा बहुधा माणशी १,००० डॉलर असते.

आमच्या मते लोक सामानाच्या भागाकडे फार बघतात आणि दायित्वाकडे फार कमी. जळालेलं सामान पुन्हा घेता येतं. इमारतीच्या नुकसानीचा दावा मात्र पगारावर आणि बचतीवर येऊन बसतो. दायित्वाची रक्कम बहुधा १,००,००० डॉलर ठेवलेली असते. ती ३,००,००० केल्याने हप्ता फारसा वाढत नाही. या भागाला डिडक्टिबलही, म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः सोसायचा ठरावीक हिस्साही, नसतो.

आणखी एक मूळ गोष्ट: सामानाची भरपाई पॉलिसीत नाव घेतलेल्या कारणांसाठीच मिळते. मसुद्यात अशी १६ कारणं आहेत. आग व वीज पडणं, वादळ व गारा, स्फोट, धूर, चोरी, तोडफोड, नळातून अचानक आलेलं पाणी, पाइप गोठणं ही त्यातली नेहमी लागणारी. फोन हातून पडला, सोफ्यावर चहा सांडला, पैठणीला कसर लागली, गादीत ढेकूण झाले, यांतलं कोणतंही कारण यादीत नाही.

प्रश्न: माझं मंगळसूत्र, पाटल्या, बांगड्या, तोडे असे सगळे मिळून बरेच दागिने घरीच आहेत. पॉलिसी ३०,००० डॉलरची आहे. चोरी झाली तर सगळे भरून मिळतील ना? (एडिसन)

नाही. चोरीला गेलेल्या दागिन्यांसाठी मसुद्यात १,५०० डॉलरची मर्यादा आहे, आणि ती एका दागिन्याची नसून एका चोरीतल्या सगळ्या दागिन्यांची मिळून आहे. आजच्या सोन्याच्या भावात तेवढ्यात साधी एक पाटलीही येत नाही. ही मर्यादा फक्त चोरीला आहे. तेच दागिने आगीत गेले, तर सामानाच्या पूर्ण रकमेतून भरपाई होऊ शकते.

वळी, नाणी, बिस्किटं यांचे नियम तर आणखी कडक आहेत. दागिना न घडवलेलं सोनं आणि नाणी पॉलिसी रोख पैशांच्याच गटात टाकते आणि त्या पूर्ण गटाला मिळून २०० डॉलरची मर्यादा आहे. ही मर्यादा आगीलाही लागू आहे. लक्ष्मीपूजनाला घेतलेली सोन्याची नाणी कपाटात ठेवणाऱ्यांनी हे कलम नक्की वाचावं. देवाचं चांदीचं ताम्हण, निरांजन, चांदीची ताटं-वाट्या वेगळ्या गटात येतात. त्यांच्या चोरीची मर्यादा २,५०० डॉलर आहे.

उपाय असा की दागिने पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवून घ्यायचे, म्हणजे शेड्यूल करायचे. त्यासाठी प्रत्येक दागिन्याचं वर्णन, वजन, कॅरट, फोटो आणि बिल किंवा मूल्यांकन लागतं. भारतातलं बिल चालतं का, हे कंपनीला आधीच विचारावं. बरेचदा इथल्या मूल्यांककाचा कागद मागतात, कारण त्या बिलातला भाव आणि मजुरी जुनी झालेली असते. मूल्यांकनात वजन ग्रॅममध्ये, सोनं २२ कॅरट असल्याचा उल्लेख आणि खडे वेगळे लिहिलेले हवेत. इथले काही मूल्यांकक १४ कॅरटच्या सवयीने काम करतात, तेव्हा कागद हातात घेताना हे तपासून घ्या.

शेड्यूल केल्याचे आणखी दोन फायदे. बहुधा डिडक्टिबल लागत नाही, आणि दागिना नुसता हरवला तरी भरपाई मिळते. साध्या पॉलिसीत चोरी धरली जाते, पण लग्नाच्या हॉलमध्ये कानातलं पडून गेलं तर काही मिळत नाही. सोन्याचा भाव वाढला की मूल्यांकनही नवं करावं लागतं. पाच वर्षांपूर्वीच्या आकड्यावर आज तेवढंच सोनं घेता येणार नाही.

बँकेच्या लॉकरबद्दलही अनेकांनी विचारलं आहे. एफडीआयसीचं, म्हणजे बँकेतल्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेचं, संरक्षण खात्यातल्या ठेवींना आहे, लॉकरमधल्या वस्तूंना नाही. लॉकरमध्ये राहणारे दागिने शेड्यूल करताना ते तिथे असतात हे सांगावं. काही कंपन्या त्यासाठी कमी दर लावतात.

प्रश्न: वरच्या मजल्यावरून पाणी गळून आमचा गालिचा आणि टीव्ही गेला. कंपनी म्हणते, पाण्याचे प्रकार असतात. म्हणजे काय? (शिकागो)

कंपनी बरोबर सांगते आहे. पाणी कुठून आणि कसं आलं यावर सगळं अवलंबून असतं.

त्याच इमारतीत वरच्या घराचा पाइप फुटला किंवा वॉशिंग मशीनची नळी सुटली, तर तुमचं भिजलेलं सामान तुमच्या पॉलिसीतून भरून मिळतं. वरचा भाडेकरू दोषी असेल तर तुमची कंपनी नंतर त्याच्याकडून वसूल करते. तुम्ही त्यात थांबून राहायचं नाही, आधी आपल्या कंपनीकडे क्लेम करायचा. तुमचा प्रसंग असाच असेल तर हक्काने मागा. गळती महिनोन्‌महिने झिरपत असेल आणि तुम्हाला ती दिसत असेल, तर मात्र कंपनी नकार देते. छतावर डाग दिसला की घरमालकाला ईमेल करा. फोनवर सांगितल्याची नोंद उरत नाही.

उघड्या खिडकीतून पाऊस आत आला तर काही मिळत नाही. वाऱ्याने किंवा गारांनी छताला वा भिंतीला भोक पाडलं आणि तिथून पाणी आलं, तर मिळतं.

मोरीतून किंवा गटारातून उलटं आलेलं पाणी साध्या पॉलिसीत नाही. त्यासाठी वेगळं कलम जोडावं लागतं, आणि तळमजल्यावर राहणाऱ्यांनी ते घ्यावंच. नदी, समुद्र, रस्त्यावर तुंबलेलं पावसाचं पाणी म्हणजे पूर, आणि पूर पूर्णपणे बाहेर आहे. सरकारच्या राष्ट्रीय पूर विमा योजनेत भाडेकरूला नुसत्या सामानाची पॉलिसी मिळते, १,००,००० डॉलरपर्यंत. ती साधारणपणे घेतल्यानंतर ३० दिवसांनी लागू होते, त्यामुळे चक्रीवादळाची बातमी ऐकून धावपळ करण्यात अर्थ नसतो. या योजनेत बेसमेंटमधलं बहुतेक सामान वगळलेलं आहे. बेसमेंटमध्ये राहणाऱ्यांनी विकत घेण्याआधी ते कलम एजंटकडून समजावून घ्यावं.

उलट बाजू: तुमचा टब भरून वाहिला तर? खालच्या घरातल्या माणसाचं सामान आणि त्याचं छत हे तुमच्या दायित्वाच्या भागात येतं. पण तुमच्या स्वतःच्या भाड्याच्या घरातली फरशी फुगली, तर ते नुकसान त्या भागातून वगळलेलं आहे. तुमच्या ताब्यातल्या भाड्याच्या जागेला आग, धूर किंवा स्फोट यांनी झालेलं नुकसानच दायित्वात धरतात. पाण्याने खराब झालेली फरशी डिपॉझिटमधून किंवा खिशातून जाते.

प्रश्न: नवरात्रात आमच्याकडे अखंड दिवा असतो. लीजमध्ये 'उघडी ज्योत चालणार नाही' असं लिहिलं आहे. आग लागली तर विमा नाकारतील का? (डॅलस)

हलगर्जीपणामुळे आग लागली म्हणून सामानाचा क्लेम नाकारत नाहीत. विमा चुकांसाठीच असतो. वगळलेली असते ती मुद्दाम लावलेली आग. लीज हा तुमच्या आणि घरमालकाच्या मधला करार आहे. तो मोडल्याने पॉलिसी आपोआप रद्द होत नाही.

पण घरमालकाच्या बाजूने धोका मोठा आहे. त्याची कंपनी त्याला इमारतीचे पैसे देते आणि मग आग ज्याच्यामुळे लागली त्याच्याकडे वसुलीसाठी येते. ओक्लाहोमातल्या न्यायालयाने १९७५ साली सटन विरुद्ध जॉनडाल या खटल्यात म्हटलं की भाडेकरू हा घरमालकाच्या विम्यात अंतर्भूत धरावा आणि त्याच्याकडून वसुली करू नये. काही राज्यांनी हे तत्त्व मानलं, काहींनी नाही, आणि काही ठिकाणी लीजमध्ये काय लिहिलं आहे ते पाहतात. ज्योत नको असं स्पष्ट लिहिलेलं असताना दिवा लावलेला असेल, तर तुमची बाजू कमकुवत होते. अशा वसुलीत दायित्वाचा भाग तुमच्या बाजूने उभा राहतो, वकीलही देतो. एका इमारतीतली चार-सहा घरं जळाली तर १,००,००० पुरणार नाहीत. नवरात्रापुरता बॅटरीचा दिवा लावता आला तर तो लावा.

प्रश्न: आम्ही तीन विद्यार्थी एका घरात राहतो. एकाने पॉलिसी काढली आहे. तिघांना पुरेल का? (बोस्टन)

पुरणार नाही. पॉलिसीत विमाधारक म्हणजे ज्याचं नाव आहे तो, आणि त्याच्या कुटुंबातले, त्याच घरात राहणारे नातेवाईक. पत्नी, पती, मुलं यांचं नाव वेगळं लिहिलेलं नसलं तरी ते धरले जातात. रूममेट धरला जात नाही. लग्न न झालेला जोडीदारही बहुतेक ठिकाणी धरला जात नाही. त्याचं नाव घालून घ्यावं लागतं.

काही कंपन्या रूममेटचं नाव त्याच पॉलिसीत घालू देतात. आम्ही तसं सुचवत नाही. रक्कम तिघांत वाटली जाते, चेक सगळ्यांच्या नावे निघू शकतो, आणि एकाने केलेला क्लेम बाकीच्यांच्या नोंदीवरही चढतो. क्लेमची ही नोंद 'क्लू' नावाच्या अहवालात सात वर्षांपर्यंत राहते आणि पुढे घर घेताना कंपन्या ती पाहतात. एकट्याची साधी पॉलिसी बऱ्याच ठिकाणी महिन्याला १५ ते २० डॉलरच्या आसपास मिळते. तिघांनी तीन घ्याव्यात.

काही इमारती भाड्यातच दर महिना थोडे पैसे घेऊन 'तुमचा विमा झाला' असं सांगतात. यातल्या अनेक योजना फक्त इमारतीच्या नुकसानीपुरत्या, म्हणजे घरमालकाच्या सोयीच्या असतात. त्यात तुमचं सामान नसतं. कागद मागून घ्या आणि सामानासमोर रक्कम लिहिली आहे का ते बघा.

प्रश्न: गाडीची काच फोडून बॅग नेली. लॅपटॉप, हेडफोन, जॅकेट मिळून साधारण ८०० डॉलरचं नुकसान. क्लेम कुठे करायचा? (सॅन होजे)

काच गाडीच्या विम्यातून, त्यात काँप्रिहेन्सिव्ह, म्हणजे चोरी-तोडफोडीसारख्या नुकसानीचा भाग, घेतला असेल तर. आतलं सामान रेंटर्स पॉलिसीतून, कारण तिचं संरक्षण घराबाहेर, अगदी परदेशातही लागू असतं. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर आधी ऑफिसला कळवा.

क्लेम करावा का, हा वेगळा प्रश्न. डिडक्टिबल ५०० असेल तर हाती ३०० येतील, आणि सामान जुनं म्हणून घसारा, म्हणजे वापरामुळे किमतीत झालेली घट, धरला तर त्याहून कमी. तेवढ्यासाठी सात वर्षांची नोंद ओढवून घेऊ नये असं आमचं मत आहे. पोलिसांकडे तक्रार मात्र नोंदवून ठेवा.

प्रश्न: स्वयंपाकघरात लागलेल्या आगीत बरंच सामान गेलं. कंपनीने सहा वर्षांच्या सोफ्याचे फारच कमी पैसे धरले. हे योग्य आहे का? (अटलांटा)

तुमच्या पॉलिसीत 'अॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू' लिहिलं असेल तर योग्य आहे. त्यात नव्याची किंमत घेऊन वापराच्या वर्षांची घट वजा करतात. नवा सोफा १,२०० डॉलरला येतो, आयुष्य दहा वर्षं धरलं, सहा वापरून झाली, तर हिशेबात उरले ४८०. फक्त सोफाच जळाला असता तर ५०० चा डिडक्टिबल कापून हाती शून्य आलं असतं.

'रिप्लेसमेंट कॉस्ट' असेल तर नव्याची किंमत मिळते, पण दोन टप्प्यांत. नुकसान ५०० डॉलरहून जास्त असेल तर आधी घसारा कापून पैसे येतात, आणि तुम्ही वस्तू प्रत्यक्ष विकत घेऊन बिल पाठवलं की उरलेले. पहिला चेक आला की लोकांना वाटतं क्लेम संपला, आणि ते बाकीची रक्कम मागतच नाहीत. उरलेल्या रकमेची मागणी कळवायला मसुद्यात नुकसानीपासून १८० दिवस आहेत. तुमची पॉलिसी आत्ता उघडा, हे शब्द शोधा आणि कॅलेंडरवर तारीख टाका.

यादी करताना प्रत्येक वस्तूपुढे ब्रँड व मॉडेल, कुठून घेतली, कोणत्या वर्षी, आणि आज तशीच वस्तू कितीला मिळते हे लिहा. ऑनलाइन दुकानांच्या खात्यातली जुनी ऑर्डर, कार्डाचं स्टेटमेंट, घरातल्या कार्यक्रमाचे फोटो, ज्यात मागे टीव्ही आणि कपाट दिसतं, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. मसाल्याचे डबे, चादरी, मोजे अशा बारीक वस्तू लोक लिहीतच नाहीत आणि त्यांचीच बेरीज मोठी होते. जळालेलं सामान अॅडजस्टरने, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या कंपनीच्या माणसाने, पाहिल्याशिवाय टाकू नका. टाकावंच लागलं तर आधी फोटो काढा. कंपनीने 'प्रूफ ऑफ लॉस', म्हणजे नुकसानीचं सही केलेलं निवेदन, मागितलं तर ते ६० दिवसांत सही करून द्यावं लागतं. त्यात एखादी नसलेली वस्तू घातली, तर पूर्ण क्लेम जाऊ शकतो.

प्रश्न: आई-वडील सहा महिन्यांसाठी येत आहेत. ते आमच्या पॉलिसीत आपोआप येतात का? (सिअॅटल)

त्यांचं सामान तुमच्या घरातून चोरीला गेलं, तर तुम्ही विनंती केल्यावर ते तुमच्या क्लेममध्ये धरता येतं. आजारपण मात्र कोणत्याही भागात नाही. पाहुण्याच्या दुखापतीचा छोटा भाग घरात राहणाऱ्यांना लागू नसतो, आणि सहा महिने राहणारे आई-वडील 'घरातले' ठरू शकतात. बाथरूममध्ये घसरून पडले, तर या पॉलिसीच्या भरवशावर राहू नका. त्यांच्यासाठी प्रवासी आरोग्य विमा वेगळा काढा.

प्रश्न: घरून डबे देते आणि दोन मुलं सांभाळते. काही अडचण? (फिनिक्स)

हो. पैसे घेऊन केलेलं काम व्यवसाय ठरलं की दायित्वाचा भाग लागू होत नाही. मसुद्यात वर्षाला २,००० डॉलरपर्यंतच्या कमाईला सूट आहे. ती ओलांडली की डब्यामुळे कुणी आजारी पडलं किंवा सांभाळलेल्या मुलाला लागलं तर तुम्ही एकट्या. कंपनीला कळवून वेगळं कलम किंवा वेगळी पॉलिसी घ्या.

प्रश्न: कॅलिफोर्नियात भूकंपाचं काय? (फ्रीमाँट)

साध्या पॉलिसीत नाही. भूकंपामुळे लागलेली आग मात्र आहे. कॅलिफोर्निया अर्थक्वेक ऑथॉरिटीची भाडेकरूंसाठी पॉलिसी असते. ती थेट घेता येत नाही; तुमची रेंटर्स कंपनी तिची सदस्य असेल तर तिच्यामार्फत मिळते.

प्रश्न: पुढच्या महिन्यात घर बदलतो आहोत. पॉलिसी बंद करून नवी घ्यायची का? (शार्लट)

गरज नाही, पत्ता बदलून घ्या. नव्या घरात सामान हलवायला सुरुवात केल्यापासून ३० दिवस दोन्हीकडच्या सामानाला पूर्ण रक्कम लागू असते. सामान भाड्याच्या स्टोरेजमध्ये ठेवणार असाल तर तिथे बहुधा एकूण रकमेच्या दहा टक्केच धरतात. नव्या ऑफिसने आपलं नाव पॉलिसीत घालायला सांगितलं तर 'अॅडिशनल इंटरेस्ट' म्हणून घाला. त्याने पॉलिसी बंद पडल्यास त्यांना फक्त कळतं. 'अॅडिशनल इन्शुअर्ड' केलं तर तुमच्या दायित्वाच्या रकमेत तेही वाटेकरी होतात. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर नवी पॉलिसी लागते. जुन्या घराच्या चाव्या परत देण्याच्या दिवसापर्यंत जुनी चालू ठेवा आणि उरलेल्या दिवसांचा हप्ता परत मागा.